दहा पौंडांची ट्रामगाडी

वस्तू विकत घेण्यापूर्वी ती ठेवावयास घरात जागा आहे किंवा नाही याची खातरजमा करून घ्यावी, हा संसारी माणसाचा साधा शिरस्ता होय. परंतु हा शिरस्ता ज्यांनी इमानेइतबारे पाळला त्यांच्या हातून जगातील एकही ट्रामगाडी वाचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ट्राम वाचविणाऱ्यांची जातकुळीच निराळी. 1948 सालच्या ऑगस्ट महिन्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन शहराच्या ट्रामगाड्या आता मोडीत निघणार हे कळल्यावरून, लाइट रेल्वे ट्रान्सपोर्ट लीग नामक हौशी मंडळाचे काही सभासद अखेरच्या दर्शनाकरिता तेथे जमले आणि 1903 साली बांधलेल्या, 45 क्रमांकाच्या, बिनछपराच्या दुमजली गाडीतून शहरात हिंडले. अशा प्रसंगी शिष्टाचार असा की, यथाशक्ति हळहळावे, दोन छायाचित्रे काढावीत, चहा प्यावा आणि सूर्यास्ताच्या आत आपापल्या घरी जावे. या मंडळींनी हे सर्व करून शिवाय भंगाराची किंमत विचारली. ती दहा पौंड निघाली. दहा पौंड ही रक्कम अशी घातक की, नकार देण्याइतकी ती मोठी नव्हती आणि विसरून जाण्याइतकी लहान नव्हती. त्यांनी ती जमविली आणि गाडी त्यांची झाली. रूळ नगरपालिकेचे होते, तारेतील वीज नगरपालिकेची होती, आणि छप्पर तर गाडीलाही नव्हते व गाडीच्या नव्या मालकांपाशीही नव्हते.

उंदरांनी लंगोटी कुरतडू नये म्हणून मांजर, मांजराच्या दुधाकरिता गाय, गाईकरिता कुरण आणि कुरण राखण्याकरिता बायको, असा चढत्या क्रमाने संसार मांडून बसलेल्या गोसाव्याची गोष्ट आपल्याकडे वैराग्याचा उपदेश म्हणून मुलांना सांगतात. साउदॅम्प्टनच्या लंगोटीची गोष्ट तिच्याच वाटेने गेली. फरक एवढाच की, येथे गोसावी पुष्कळ होते आणि त्यांपैकी एकासही आपला तपोभंग झाल्याचे वाईट वाटले नाही. गाडी काही वर्षे या आश्रयदात्याकडून त्या आश्रयदात्याकडे फिरली. पाहुणा दुमजली असला म्हणजे यजमानाची माया लवकर आटते, हा अनुभव घेतल्यानंतर 1955 साली ट्रामवे म्यूझियम सोसायटी नावाची रीतसर संस्था स्थापन झाली. संस्था झाली म्हणजे जागा हवी. म्हणून 1959 साली डर्बीशायर परगण्यातील क्रिच या खेड्याजवळची चुनखडीची एक पडीक खाण मिळविण्यात आली. या खाणीचा माग लागला तोही मौजेने. वेल्समधील टॅलिलिन नावाची चिमुकली आगगाडी वाचविणारे दुसरे एक वेडे मंडळ त्या खाणीतील अरुंद रूळ उचलून नेण्याकरिता तेथे गेले होते, आणि ट्रामवाल्यांस या जागेचा सुगावा त्यांच्याच वाटेने लागला. खाणीतील ती मूळची आगगाडी प्रत्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन याने बांधविलेली असल्यामुळे तीर्थक्षेत्रास आवश्यक असलेला पुराणपुरुषही जागेबरोबर फुकटात मिळाला.

या व्यवहारात एकच उणीव होती. क्रिच गावी ट्राम कधीही नव्हती. असण्याचे कारणही नव्हते. डोंगराळ मुलूख, मेंढ्यांची वस्ती, आणि मेंढ्या कचेरीस जात नाहीत. आता ट्राम ही रस्त्यावर चालावयाची वस्तू असल्याने रूळ घालून भागेना, रस्ता हवा झाला. रस्ता म्हटला की त्याला दगडी फरसबंदी, फरसबंदीला दिव्यांचे खांब, खांबांना शोभतील अशी घरे, आणि घरांच्या रांगेत एखादे पानगृह, अशी मागणी वाढत गेली. आणि ज्या ज्या शहरांनी आपले जुने सामान उकिरड्यावर टाकण्याचा सपाटा चालविला होता त्यांच्या दारांतून हा सारा सरंजाम हळूहळू खाणीत येऊन पडला. डर्बी शहरातील असेंब्ली रूम्स या जुन्या सभागृहास 1963 साली आग लागली, तेव्हा त्याची दर्शनी भिंत दगड दगड सुटी करून येथे आणण्यात आली व पुन्हा उभारण्यात आली. स्टोक शहरचे एक पानगृह त्याचप्रमाणे मुक्काम हलवून आले. शहर आधी वसते, मग त्याच्या सोयीकरिता ट्राम येते, हा नगररचनेचा क्रम आजवर सर्वत्र मान्य होता. येथे ट्रामला करमेना म्हणून तिच्याकरिता शहर आणावे लागले.

आणि हे सर्व ज्या गाडीपायी झाले ती गाडी दिसावयास कशी, असे कोणी विचारील तर सांगावे लागेल की, काहीशी बसकी. साउदॅम्प्टन शहराच्या मधोमध बारगेट नावाची मध्ययुगीन वेस आहे. ती बांधणाऱ्या स्थपतींनी घोडेस्वार, भाले आणि निशाणे यांचा हिशेब धरला होता, दुमजली ट्रामचा धरला नव्हता. आणि वेस पाडावी तर परंपरा आड येते, म्हणून ट्रामच ठेंगणी करण्यात आली. वरच्या मजल्यावर मधोमध एक लांब बाक टाकून उतारूंस त्यावर पाठीला पाठ लावून बसविण्यात आले, की जेणेकरून कमानीच्या उंच भागाखालून त्यांची डोकी सुखरूप निघून जावीत. सख्ख्या शेजाऱ्याकडे पाठ करून समोरच्या दुकानांकडे पाहात जाण्याची ही व्यवस्था इंग्रजी स्वभावाला मानवली असावी असा माझा तर्क आहे.

मोडीत निघालेल्या ट्रामचे दुःख लोकांना केव्हा होते, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ती धावत असता होत नाही. धावत असता ती खडखडते, रस्ता अडविते, मोटारवाल्यांच्या शिव्या खाते, आणि तिच्या लाकडी बाकांविषयी वर्तमानपत्रांच्या संपादकांस पत्रे जातात. परंतु अमुक रात्री अखेरची गाडी सुटणार असा जाहीरनामा निघाला की, गेली दहा वर्षे बसने जाणारा नागरिकही पोराबाळांसह रस्त्याच्या कडेस येऊन उभा राहतो. लंडनमध्ये 1952 सालच्या जुलैत हेच झाले. ग्लासगोत 1962 सालच्या सप्टेंबरात अखेरच्या मिरवणुकीस अडीच लाखांच्या आसपास माणसे लोटली. पुष्कळांनी रुळांवर पेनी ठेवल्या आणि ट्रामच्या चाकाखाली चपटलेले ते नाणे स्मृतिचिन्ह म्हणून जपून घरी नेले. एवढ्या लोकांनी तीच पेनी त्यापूर्वी वेळोवेळी भाड्यादाखल कंडक्टरच्या हातावर ठेविली असती तर मिरवणुकीची वेळ आलीही नसती, असा अरसिक विचार त्या गर्दीत कोणाच्या मनात डोकावला असल्यास त्याने तो बोलून दाखविला नसावा. शेफील्ड शहराने तर 1960 साली निरोपाच्या गाडीच्या अंगावर आपल्या ट्रामसेवेच्या इतिहासाची चित्रे रंगवून तिला सालंकृत पाठविले. ती 510 क्रमांकाची गाडी आता क्रिच येथे आहे. त्यानंतर 34 वर्षांनी, 1994 साली, शेफील्डने नवे रूळ घालून नव्या ट्रामगाड्या सुरू केल्या. जिला अश्रुपूर्ण निरोप दिला तिच्याच नातीला वाजतगाजत आणण्याचा हा खर्च कोणत्या खाती टाकला, हे तेथील जमाखर्चनवीसच जाणोत.

मुंबईकरही याला अपवाद नव्हते. 1874 सालच्या मे महिन्यात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा कंपनीच्या पागेत 900 घोडी होती, कुलाब्यापासून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे होते, आणि तिकीट देण्याची वहिवाट नव्हती; म्हणजे घोड्यांचा हिशेब चोख आणि माणसांचा भरवशावर. 1907 साली घोडी जाऊन वीज आली, 1920 साली दुमजली गाड्या आल्या, आणि 31 मार्च 1964 रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदराहून दादरकडे निघालेल्या अखेरच्या गाडीस निरोप देण्यास दुतर्फा गर्दी जमली. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस निवडून एका युगाचा शेवट करण्यात जी प्रशासकीय टापटीप आहे ती दाद देण्याजोगी खरीच. योगायोग असा की, त्याच 1964 साली क्रिचच्या खाणीत विजेची ट्राम पहिल्यांदा उतारू घेऊन धावू लागली. ज्या वर्षी लाखो माणसांच्या शहराने ट्राम नको म्हणून काढून टाकली, त्याच वर्षी मेंढ्यांच्या गावी ती हौसेने चालू झाली. क्रिच येथे आजही येणाऱ्या प्रेक्षकास दारातच एक जुनी, चलनातून केव्हाच बाद झालेली पेनी देण्यात येते. ती त्याने गाडीतील कंडक्टरच्या हवाली करावयाची आणि तिकीट घ्यावयाचे. प्रवेशशुल्क नव्या पैशांत आणि भाडे जुन्या पैशांत, अशी ही दुहेरी जमाबंदी आहे. जी पेनी ग्लासगोकरांनी रुळावर ठेविली तिला कंडक्टरच्या हातापर्यंत पोहोचावयास मधे एक संग्रहालय उभे राहावे लागले.

खरी मौज गाड्या मिळविण्यात आहे. मोडीत निघालेली प्रत्येक ट्राम भट्टीतच जाते असे नाही. चाके आणि मोटारी भंगारवाला नेतो, उरलेला लाकडी डबा शेतकरी नेतो, आणि तेथून पुढे त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. अशा कैक डब्यांत कोंबड्यांनी अंडी घातली, माळ्यांनी फावडी ठेविली, हवा खावयास आलेल्या कुटुंबांनी उन्हाळे काढले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांच्या ट्रामचे डबे समुद्रकाठच्या वाळूत नेऊन त्यांची एक वसाहतच वसली. कारव्हिल असे तिचे नाव. डबा बाकांसह वीस डॉलरला आणि बाकांशिवाय दहा डॉलरला मिळे, यावरून त्या काळी बसणे आणि राहणे यांची किंमत सारखीच होती असे गणित निघते. कोणी त्यात उपाहारगृह काढले, सायकलस्वार स्त्रियांच्या एका मंडळाने त्यात बिऱ्हाड थाटले, कोणी डब्यावर डबा चढवून माडी बांधली. हे सर्व थट्टेवारी नेण्यासारखे खरे. परंतु पुढे साठ-सत्तर वर्षांनी जेव्हा संग्रहालयांस जुने डबे हवेसे झाले, तेव्हा नगरपालिकांच्या दफ्तरात काही शिल्लक नव्हते आणि खुराड्यांत होते. शहरांच्या अभियंत्यांपेक्षा कोंबड्यांनी ट्रामचे जतन चांगले केले, हे सत्य कोणत्याही अहवालात इतक्या स्पष्टपणे नमूद होणार नाही म्हणून येथे नमूद करून ठेवितो.

खुराड्यातून निघालेल्या डब्यास पुन्हा ट्राम करण्याचा विधी वर्षानुवर्षे चालतो आणि त्यात तत्त्वज्ञानाचे जे प्रश्न उपस्थित होतात ते नैयायिकांनाही घाम फोडतील. तळाची तुळई कुजलेली असते, ती बदलावी लागते. खांब बदलतात. पत्रा बदलतो. चाके दुसऱ्या शहराच्या गाडीची बसवावी लागतात, आणि त्यांतही शहरागणिक हट्ट निराळे. ग्लासगोने आपल्या रुळांतील अंतर जगाहून पाऊण इंच कमी, म्हणजे 4 फूट 7¾ इंच, ठेविले होते, कारण आगगाडीचे डबे ट्रामच्या रुळांवरून कारखान्यापर्यंत ओढून न्यावयाचे तर ते चाकांच्या कडांवर चालतील अशी त्यांची तजवीज होती. त्यामुळे ग्लासगोची गाडी इतरत्र चालवावयाची तर आधी तिची चाके सरकवावी लागतात. एवढे सगळे झाल्यावर शेवटी मूळचे काय उरते, तर क्रमांक. तो मात्र कोणी बदलू देत नाही. आणि रंगाचा प्रश्न तर युद्धास कारण होण्यासारखा. साठ वर्षे चाललेल्या गाडीने चार रंग पाहिलेले असतात, तीन वेळा छप्पर बदललेले असते. तेव्हा तिला कोणत्या सालात उभी करावयाची? जन्मसालात करावी तर दिवे वेगळे लागतात. उतारवयात करावी तर ज्या वृद्ध सभासदांनी तिला तरुणपणी पाहिली आहे त्यांचे डोळे भरून येतात आणि मतदानात त्यांचेच बहुमत असते. तांबड्या रंगाच्या दोन छटांमध्ये कोणती खरी, या वादापायी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि तरीही दर शनिवारी एकाच गाडीखाली, एकाच तेलाच्या डबक्यात, शेजारी शेजारी उताणी पडून काम करतात.

ही जी शनिवारी उताणी पडणारी मंडळी, त्यांच्यावाचून यातील एकही गोष्ट घडली नसती. एके काळी याच कामाकरिता पगार, गणवेश, रजा आणि पेन्शन देऊनही माणसे कुरकुरत, संप करीत, आणि पोरांना सांगत की बाबांनो, शिका, म्हणजे ट्रामवर जाण्याची पाळी येणार नाही. आता शिकलेली पोरे, कोणी वकील, कोणी प्राध्यापक, कोणी बँकेतून निवृत्त झालेला हिशेबनीस, वर्षाची वर्गणी भरून ट्रामवर जातात. त्यांना परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय घंटेलाही हात लावू देत नाहीत. चालकापुढे पितळी दांड्याचा कंट्रोलर असतो. तो एकेक खाच पुढे सरकवीत गेले की आरंभी दोन मोटारी एकामागे एक जोडल्या जाऊन गाडी हळू निघते, आणि पुढच्या खाचांवर त्या शेजारी शेजारी जोडल्या जाऊन वेग धरते. मधल्या खाचांवर जास्त वेळ रेंगाळले तर विरोधतारा तापतात आणि करपल्याचा वास येतो. रूळ ओला असेल तर पायाने कळ दाबून चाकांपुढे वाळू सोडावयाची असते. ती वाळू कोरडी राहावी म्हणून तिच्यावर जी देखरेख ठेवतात तेवढी दमेकरी माणसाच्या छातीवरही कोणी ठेवीत नाही. आणि टोकाच्या थांब्यावर कंडक्टरने छपरावरील लांब दांडा बांबूने ओढून दुसऱ्या दिशेस फिरवावयाचा आणि त्याचे टोक तारेला नेमके लावावयाचे. तारेला ते पहिल्या खेपेस लागत नाही. आधी ते हवेत फिरते, मग आधारतारेला अडकते, मग ठिणगी उडते. खाली जमलेली मुले टाळ्या वाजवितात आणि बत्तीस वर्षे कलेक्टर कचेरीत ज्याच्यापुढे कोणी हूं की चूं केले नाही असा गृहस्थ टोपी सावरीत पुन्हा बांबू उचलतो.

याहून गमतीचे असे की, पगारी कंडक्टर ज्या नियमांकडे काणाडोळा करी तेच नियम हा बिनपगारी कंडक्टर जीव तोडून पाळतो. चालू गाडीत चढू नका, दारात उभे राहू नका, तिकीट जपून ठेवा, हे हुकूम जितक्या निष्ठेने आज संग्रहालयांतील गाड्यांत बजावले जातात तितके ते खऱ्या ट्राममध्ये कधीच बजावले गेले नसतील. गैरसोयीचे एवढे काटेकोर जतन दुसऱ्या कोठे पाहावयास मिळत नाही. लाकडी बाक टणक आहे? मूळचा टणक होता, म्हणून तसाच ठेवला आहे. खिडकी उघडत नाही? तेव्हाही उघडत नसे. वरच्या मजल्यावर पाऊस लागतो? त्याकरिताच तर माणसे वर जातात.

सॅन फ्रान्सिस्कोने मात्र हे सर्व संग्रहालयाच्या कुंपणाबाहेर, भर मार्केट स्ट्रीटवर आणून ठेविले. 1982 पासून 1984 पर्यंत तेथील प्रसिद्ध केबल कार दुरुस्तीकरिता बंद होत्या. पाहुण्यांना दाखवावयास काही हवे म्हणून 1983 च्या उन्हाळ्यात जुन्या ट्रामगाड्यांचा उत्सव भरविण्यात आला. उत्सव एका उन्हाळ्याचा. तो पाच उन्हाळे चालला, आणि अखेर 1995 साली एफ नावाचा कायमचा मार्गच सुरू झाला. या मार्गावर मिलान शहरच्या 1928 सालच्या नमुन्याच्या गाड्या आहेत, ज्यांच्यात धूम्रपानाची मनाई इटालियन भाषेत केलेली असल्याने ती कॅलिफोर्नियातील माणसास हुकमाऐवजी अलंकार वाटते. खुद्द मिलानमध्ये त्याच पिढीच्या कित्येक गाड्या अजूनही रोजच्या उतारूंना नेतात, आणि त्यांना तेथे कोणी वारसा म्हणत नाही. कचेरीस उशीर झाला की जे म्हणतात तेच म्हणतात. इंग्लंडातील ब्लॅकपूलची 1934 सालची, होडीच्या आकाराची, बिनछपराची गाडीही सॅन फ्रान्सिस्कोस आहे. उघडी गाडी आणि तेथले धुके यांचा मेळ कसा बसेल हा विचार तिला आणणाऱ्यांनी केला नाही, आणि ते या परंपरेस धरूनच झाले.

परंतु या मार्गाचा मुख्य आधार म्हणजे पीसीसी जातीच्या गाड्या. 1929 साली, मोटारगाड्या आपली उतारूंची मिरास लुटून नेत आहेत हे पाहून, अमेरिकेतील ट्राम कंपन्यांचे अध्यक्ष एकत्र बसले आणि त्यांनी एक समिती नेमली. समितीने नेमून दिलेले काम केले, ते वेळेत केले, आणि उत्तम केले. अशी समिती इतिहासात दुर्मीळ असल्यामुळे गाडीला समितीचेच नाव मिळाले. 1936 पासून बनलेली ही नितळ, निःशब्द, झटक्यासरशी वेग घेणारी गाडी पाच हजारांच्या आसपास संख्येने अमेरिका-कॅनडात धावली, आणि तिने ट्रामचा व्यवसाय वाचविला नाही. आता सॅन फ्रान्सिस्कोत फिलाडेल्फिया आणि न्यूअर्क येथून विकत आणलेल्या पीसीसी गाड्यांना, ज्या ज्या शहरांनी आपल्या गाड्या टाकून दिल्या, त्या त्या शहरांचे रंग देऊन फिरवितात. शिकागो, ब्रुकलिन, सिनसिनाटी, लॉस एंजेलिस. पैकी एका गाडीस काही वर्षे लुईव्हिल शहराचा रंग होता. लुईव्हिलने 1946 साली अशा गाड्या मागविल्या, त्यांतल्या काही आल्या, आणि एकही उतारू बसण्याच्या आत विचार बदलून त्या क्लीव्हलंडला विकून टाकल्या. जी सेवा कधी झालीच नाही तिचेही स्मारक असावे, आणि ते वेळापत्रकानुसार धावावे, एवढे औदार्य मी दुसऱ्या कोणत्या शहराचे ऐकलेले नाही.

नव्याने जुन्याला हरवावे हा प्रगतीचा नियम असला, तरी ट्रामच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी ढिली आहे. 1976 पासून बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्को येथे बोइंग कंपनीने बांधलेल्या आधुनिक गाड्या आल्या. विमान बनविणाऱ्याला जमिनीवरची गाडी ती काय अवघड, असे सर्वांस वाटले. परंतु त्यांची दारे अशी नाजूक निघाली की, उघडण्याच्या वेळी मिटत आणि मिटण्याच्या वेळी विचारात पडत. बॉस्टनने तर शेवटच्या कित्येक गाड्या घेण्याचेच नाकारले. बोइंगच्या बहुतेक गाड्या आता मोडीत गेल्या. आणि त्यांनी ज्यांना कालबाह्य ठरवावयाचे होते त्या 1945-46 सालच्या पीसीसी बॉस्टनच्याच मॅटापान मार्गावर त्यांच्या पश्चातही धावत राहिल्या. परंतु प्रेमाला काय म्हणावे? बोइंगच्या गाड्याही आता संग्रहालयांत पोहोचल्या आहेत. वीस वर्षे ज्या दारांना लोकांनी शिव्या दिल्या त्या दारांना आता स्वयंसेवक तेल घालतात. न्यू ऑर्लिन्सची हकीकत याहून बोलकी आहे. तेथे 1923-24 साली बांधलेल्या हिरव्या गाड्या सेंट चार्ल्स मार्गावर अजून धावतात, आणि कॅनाल मार्गाकरिता जुन्याच घाटाच्या परंतु आतून नव्या, वातानुकूलित तांबड्या गाड्या बनविल्या होत्या. 2005 सालच्या कतरिना वादळात तांबड्यांचे आगार पाण्याखाली गेले, हिरव्यांचे उंचावर असल्याने वाचले. मात्र हिरव्यांच्या मार्गावरील तारा तुटलेल्या. सबब ऐंशी वर्षांच्या आज्यांना नव्या नातींच्या मार्गावर बदलीने पाठवावे लागले, आणि त्यांनी नाती दुरुस्त होईपर्यंत बिनतक्रार काम केले.

आपल्याकडे कोलकाता हे एकच शहर असे की, जेथे 1902 पासून विजेची ट्राम आहे आणि जिने संग्रहालयात जाण्याची घाई कधी केली नाही. जुने लाकडी बाक, घंटा, कंडक्टर, दांडा, उशीर, सर्व काही तेथे विनामूल्य आणि विनाअनुदान जतन होत होते. 2024 सालच्या सप्टेंबरात पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केले की, ट्राम बंद करून मैदान ते एस्प्लनेड एवढी एक फेरी वारसा म्हणून चालवावी. आधी नदी बुजवावी आणि मग एक हौद राखून त्यास तीर्थ म्हणावे, त्यातला हा प्रकार. तरी हौद राहिला तर राहो, कारण मुंबईकराच्या वाट्यास तोही आलेला नाही.

मुंबईकराच्या वाट्यास आले आहे ते असे. हुतात्मा चौकात कारंज्याच्या डागडुजीकरिता खोदकाम केले तेव्हा डांबराखालून ट्रामचे रूळ निघाले, आणि ते लोकांस दाखविण्याकरिता ठेवण्यात आले. तेथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, बोरीबंदर स्थानकासमोरच्या भाटिया बागेत, ट्रामचा एक डबा उभा आहे. पण मुंबईने आपला एकही डबा बागेत ठेवण्यासारखा राखला नसल्यामुळे तो कोलकात्याहून आणवावा लागला. म्हणजे रूळ आहेत तेथे गाडी नाही, गाडी आहे तेथे रूळ असून उपयोग नाही, आणि दोन्ही नसलेल्या दादर टीटीवर बसचा कंडक्टर आजही ट्रामच्या टर्मिनसचे नाव पुकारून उतारू उतरवितो. बागेतली गाडी खडखडत नाही, रस्ता अडवीत नाही, तिच्यावरून कोणी संपादकांस पत्र लिहीत नाही; तिला ट्राम म्हणण्याजोगे तिच्यात काहीच शिल्लक ठेवलेले नाही.

यास्तव माझी नम्र दरखास्त अशी की, मुंबईत चार अव्यवहारी माणसे जमवावीत. हुतात्मा चौक ते बोरीबंदर हा सारा पल्ला एक मैलाच्या आतला आहे. पहिली दहा वर्षे गाडीला घोड्यांच्या काळचा रंग द्यावा की विजेच्या, यावर गिरगाव आणि परळ यांच्यात यथास्थित भांडण होऊ द्यावे. दुसरी दहा महानगरपालिकेच्या निरनिराळ्या खात्यांतून ना-हरकत दाखले मिळविण्यात जातील. आणि तोवर कोंबड्यांच्या हवाली असलेला एखादा अस्सल मुंबईचा डबा कल्याण-मुरबाडकडे कोणाच्या वाडीत निघालाच तर दहा पौंडांच्या हिशेबाने, आजच्या भावाने, त्याचा सौदा करावा. वर्गणी मी भरीन. कंडक्टरची परीक्षा द्यावयासही माझी ना नाही. मात्र भाडे तीन आणेच राहील, तिकीट दिले जाणार नाही, आणि सुट्या पैशांवरून उतारूशी वाद घालण्याचा हक्क हा मूळ ट्रामचा अविभाज्य भाग समजून माझ्याकडे राखून ठेवण्यात यावा.